परळच्या गिरण्या पाण्यावर चालल्या, मग शिवडीच्या भरतीवर वीज का बनत नाही?

पावसाळा जवळ आला की मुंबई महापालिका एक यादी जाहीर करते. साडेचार मीटरपेक्षा उंच लाटा उसळणार, ते दिवस कोणते? यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, मरीन ड्राइव्हचे व्हिडिओ येतात आणि खाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘एवढं पाणी रोज दोनदा येतं-जातं, यावर वीज का नाही बनवत?’

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. विशेषतः परळमध्ये उभं राहून विचारला तर अजिबातच नाही. कारण शंभर वर्षांपूर्वी याच परळ-लालबागच्या गिरण्यांनी पाण्यावर बनलेली वीज वापरली होती. आणि परळपासून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर शिवडीची खाडी आहे, जिथे समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. तेव्हा जमलं ते आता का जमू नये?

उत्तर एका शब्दात द्यायचं तर ‘वेग’. पण त्या एका शब्दामागे बरंच काही आहे.

गिरणी परळला, पाणी खोपोलीला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालायच्या. त्यासाठी कोळसा लागायचा, आणि कोळशाच्या खाणी होत्या पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. डेव्हिड गॉसलिंग नावाच्या मुंबईतल्या वास्तुविशारदाच्या डोक्यात एक कल्पना होती. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर तुफान पाऊस पडतो. ते पाणी अडवायचं, पाईपातून घाटाखाली सोडायचं आणि त्यावर वीज बनवायची. जमशेटजी टाटांनी ही कल्पना उचलली. ते १९०४ मध्ये गेले, पण दोराबजींनी काम पुढे नेलं. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी उभी राहिली आणि १९११ मध्ये वळवण धरणाची पायाभरणी झाली. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं.

तिथून सुमारे सत्तर किलोमीटर लांब, एक लाख व्होल्टच्या तारांवरून वीज मुंबईत आली. ती उतरवून घेण्यासाठी स्टेशन कुठे उभारलं? परळला. गिऱ्हाईक तिथेच होतं. मग जमिनीखालच्या केबलमधून ती एकेका गिरणीत पोचली. चिमण्या लगेच थंड झाल्या नाहीत, बऱ्याच गिरण्या वाफेवरून विजेवर हळूहळू आल्या. पण घाटातलं पाणी परळला सूत कातायला लागलं होतं, हे खरं.

आता खोपोलीच्या या पाण्यात असं काय होतं, जे शिवडीच्या पाण्यात नाही?

एक बाटली विरुद्ध एक टँकर

घाटमाथ्यावरून खोपोलीपर्यंत पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येतं. बंद पाईपातून येताना त्यावर प्रचंड दाब तयार होतो आणि शेवटी नोझलमधून जो झोत बाहेर पडतो, त्याचा वेग हिशेबाने सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास जातो. म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटर. पाईपातलं घर्षण वजा केलं तर थोडा कमी.

शिवडीसमोर, बंदराच्या खोल भागात भरती-ओहोटीचा प्रवाह असतो सेकंदाला साधारण एक मीटर. मोठ्या उधाणाला दीडपर्यंत. म्हणजे माणूस आरामात चालतो त्याच्या आसपासचा वेग.

या दोन पाण्यांतल्या ऊर्जेची तुलना करायची तर मुंबईकरांना समजेल असं माप हाताशी आहे. पाचशे मीटर उंचीवरच्या एका लिटर पाण्यात जेवढी ऊर्जा असते, साधारण तेवढीच ऊर्जा सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणाऱ्या दहा हजार लिटर पाण्यात असते. खोपोलीची एक बाटली म्हणजे खाडीतला एक आख्खा टँकर.

बरं, ही झाली पाण्यातली ऊर्जा. तिच्यातली आपल्या हाती किती लागते, हा वेगळा मुद्दा. आणि तिथेही खोपोली जिंकते.

खोपोलीला पेल्टन चाकं बसवली होती. अमेरिकेतल्या लेस्टर पेल्टनने १८८० च्या सुमारास हे चाक तयार केलं. चाकाच्या कडेला बादल्या असतात. प्रत्येक बादली म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या दोन वाट्या, आणि मधोमध एक धार. झोत त्या धारेवर आदळतो, दोन भागांत फुटतो, वाट्यांमधून वळसा घेतो आणि जवळजवळ उलट दिशेने बाहेर पडतो. चाक झोताच्या साधारण निम्म्या वेगाने फिरत असेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात जवळपास काहीच जोर उरत नाही, ते नुसतं खाली पडतं. त्याची ऊर्जा चाकात गेलेली असते. म्हणूनच पेल्टन चाकाची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचते, आणि हा आकडा एकोणिसाव्या शतकातच गाठला गेला होता.

मग तेच चाक खाडीत का बुडवू नये? कारण खाडीत पाणी ‘नुसतं खाली पडू’ शकत नाही.

लालबागची रांग आणि ५९.३ टक्के

लालबागच्या राजाची रांग आठवा. कार्यकर्त्यांनी ठरवलं की प्रत्येक भाविकाला अगदी मनसोक्त दर्शन द्यायचं, कुणालाही पुढे ढकलायचं नाही. काय होईल? पुढची माणसं हलणार नाहीत, मागची जागच्या जागी अडकतील, आणि ज्यांना शक्य आहे ते रांग सोडून मुखदर्शनाकडे वळतील. उलट सगळ्यांना धावतपळत सोडलं तर रांग झरझर सरकेल, पण दर्शन कुणालाच धड होणार नाही. मधला कुठलातरी वेग असा असतो, जिथे एकूण दर्शन सर्वांत जास्त होतं.

वाहत्या पाण्यात उभ्या असलेल्या टर्बाइनचं नेमकं हेच होतं. पाण्यातून सगळी ऊर्जा काढून घ्यायची तर पाणी पात्यांमागे थांबायला हवं. पण ते थांबलं तर मागून येणारं पाणी जाणार कुठे? ते टर्बाइनला वळसा घालून निघून जातं. थोडी ऊर्जा घेतली तर पाणी सरळ आरपार जातं, पण हाती थोडंच लागतं. जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्ये यातला मधला मुद्दा गणिताने काढून दाखवला. मोकळ्या प्रवाहातून जास्तीत जास्त १६/२७ म्हणजे ५९.३ टक्के ऊर्जा काढता येते. गणित पवनचक्कीसाठी केलं होतं, पण पाण्यालाही ते तसंच लागू आहे.

प्रत्यक्षात पाती, बेअरिंग, गिअर, जनित्र या सगळ्यांत थोडं थोडं गळतं. चांगलं टर्बाइन ३५ ते ४५ टक्क्यांच्या घरात थांबतं.

इथे सोशल मीडियावरच्या एका लाडक्या दाव्याबद्दल बोलायला हवं. ‘आमच्या टर्बाइनने बेट्झची मर्यादा मोडली’ असे व्हिडिओ अधूनमधून येतात. त्यात बहुतेक वेळा टर्बाइनभोवती नरसाळ्यासारखं आवरण असतं. आवरणामुळे जास्त पाणी पात्यांकडे खेचलं जातं आणि तेवढीच पाती जास्त वीज देतात, हे खरं आहे. पण हिशेब करताना फक्त आतल्या पात्यांचं क्षेत्रफळ धरलं जातं, बाहेरच्या मोठ्या तोंडाचं नाही. छोट्या ताटात वाढलं म्हणून भात जास्त होत नाही. शिवाय ते आवरण प्रवाहाच्या माऱ्यात टिकवायचं म्हणजे लोखंड आलं, वजन आलं, खर्च आला.

दहा टक्के वेग, तेहतीस टक्के वीज

आता मूळ मुद्दा. वाहत्या पाण्यातून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. तिप्पट झाला तर सत्तावीसपट.

आकडे घालून बघू. पाण्यात एक चौरस मीटरची चौकट धरली आणि पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल, तर तिच्यातून साधारण ५०० वॉट शक्ती जाते. ३५ टक्के कार्यक्षमतेचं टर्बाइन त्यातून १८० वॉट काढेल. घरातले दोन जुने पंखे, फार फार तर. इंजिनिअरांनी घाम गाळून कार्यक्षमता ४५ टक्क्यांवर नेली तर २३० वॉट. म्हणजे सगळ्या मेहनतीची कमाई ५० वॉट. तिसरा पंखासुद्धा नीट फिरायचा नाही.

वाढ टक्क्यांत मोजली तर ती २८ टक्के होते. त्याऐवजी पात्यांना हातही न लावता, तेच यंत्र फक्त दहा टक्के जास्त वेगाच्या पाण्यात नेऊन ठेवलं तर? १.१ चा घन १.३३. थेट ३३ टक्के वाढ.

म्हणून या क्षेत्रात ‘कार्यक्षमता वाढवणं’ याचा अर्थ नुसती पाती सुधारणं असा होत नाही. यंत्र कुठे ठेवता, हा त्यातला मोठा भाग आहे. समुद्राच्या तळाशी घर्षणामुळे पाणी संथ असतं, वरच्या थरात जोरात. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ २०२१ मध्ये बसवलेलं ‘ऑर्बिटल ओ-टू’ हे २ मेगावॉटचं यंत्र म्हणूनच तळावर रोवलेलं नाही, ते तरंगतं. वर ७४ मीटर लांबीचा पाणबुडीसारखा सांगाडा, आणि त्याला दोन बाजूंनी खाली लटकणारे पंखे, प्रत्येकी वीस मीटर व्यासाचे. दुरुस्तीच्या वेळी पंखे वर उचलून घेता येतात. पाणबुडे आणि महागडं जहाज बोलवावं लागत नाही.

याच यंत्रात पात्यांवरचं कामही दिसतं. भरतीचा प्रवाह सहा-सव्वासहा तासांनी उलटतो. मग पंख्याने काय करायचं? पूर्ण यंत्र फिरवण्यापेक्षा पाती आपल्या आसाभोवती फिरवली तर दोन्ही दिशांचं पाणी पकडता येतं. प्रवाह जरा कमी-जास्त झाला की पात्यांचा कोनही त्याप्रमाणे बदलतो. पात्यांचा वेग मात्र हवा तेवढा वाढवता येत नाही. टोकं फार जोरात फिरली की तिथला दाब इतका घसरतो की पाणी न तापताच ‘उकळतं’, बारीक बुडबुडे बनतात, फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. जहाजांच्या पंख्यांना हा रोग फार जुना आहे. त्यात पात्यांवर शेवाळ आणि शिंपल्यासारखे जीव चिकटले की गुळगुळीत पृष्ठभाग खडबडीत होतो आणि प्रयोगशाळेत कमावलेले टक्के हळूहळू परत जातात.

जास्त वेग म्हणजे जास्त वीज, हे खरं. पण जास्त वेग म्हणजे जास्त मारसुद्धा. कॅनडाच्या फंडी उपसागरात, जिथल्या भरत्या जगात सर्वांत मोठ्या समजल्या जातात, २००९ मध्ये ओपनहायड्रो कंपनीचं टर्बाइन समुद्रात उतरवलं गेलं. काही आठवड्यांतच त्याची पाती तुटली. ही कंपनी पुढे २०१८ मध्ये बंद पडली.

स्कॉटलंडचं यंत्र मुंबईत आणलं तर?

स्कॉटलंडच्याच पेंटलंड खाडीत ‘मेजेन’ नावाचा प्रकल्प आहे. प्रत्येकी दीड मेगावॉटची चार टर्बाइन, पंख्यांचा व्यास १८ मीटर. तिथे पाणी सेकंदाला पाच मीटरपर्यंत धावतं, आणि तीन मीटरच्या आसपासच्या वेगालाच यंत्रं पूर्ण क्षमतेला पोचतात.

तेच यंत्र मुंबई बंदरात, एक मीटरच्या प्रवाहात ठेवलं तर वेग एक तृतीयांश, म्हणजे वीज सत्ताविसाव्या हिश्श्याची. दीड हजार किलोवॉटच्या जागी ५५ किलोवॉट. परळच्या एखाद्या टॉवरच्या लिफ्ट आणि पंपांतच ती संपून जाईल. उधाणाच्या दिवशी, दीड मीटरच्या वेगाला, १९० च्या आसपास मिळतील. पण तेही प्रवाह ऐन जोरात असतो तेवढ्याच वेळात. पाणी दिवसातून चार वेळा थांबून दिशा बदलतं, अष्टमीच्या भांगेला जोर आणखी कमी. सरासरी काढली तर ऐन जोराच्या निम्मीसुद्धा भरत नाही.

आणि मुळात ते यंत्र मावेल कुठे? पंखा १८ मीटरचा, आणि बंदरातल्या जहाजांच्या मार्गाची खोली खोदून खोदून पंधरा मीटरच्या आसपास. त्या मार्गाने मोठाली कंटेनर जहाजं जातात, ती बाजूला व्हायला सांगता येणार नाहीत. शिवडीच्या काठाला तर खोलीच नाही. तिथे आहे चिखलाचं मैदान. ओहोटीला उघडं पडतं आणि फ्लेमिंगो त्यावर चरतात. अटल सेतूवरून जाताना दिसतं तेच.

इथे त्या साडेचार मीटरच्या यादीचा गैरसमजही सुटतो. भरती उंच असणं आणि प्रवाह वेगवान असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी चिंचोळ्या सामुद्रधुनीतून रेटलं गेलं तरच ते पळतं. मुंबई बंदराचं तोंड रुंद आहे, आत पसरायला जागा आहे. पाणी चढतं, पण घाईत नसतं.

भारतात सगळ्यात जास्त आशा आहे ती गुजरातकडे. आयआयटी मद्रास आणि क्रिसिल यांच्या अभ्यासात देशातली भरती-ओहोटीची सैद्धांतिक क्षमता सुमारे १२,४५५ मेगावॉट निघाली होती, आणि खंबात व कच्छची आखातं त्यात ठळक होती. कच्छमध्ये २०११ साली ५० मेगावॉटच्या प्रकल्पाची घोषणा झाली. तो उभा राहिला नाही. सुंदरबनातला दुर्गादुआनीचा पावणेचार मेगावॉटचा प्रकल्पही खर्चामुळे गुंडाळला गेला. आजपर्यंत देशात भरतीवरची व्यावसायिक वीज कुणाच्या घरी पोचलेली नाही.

तरी जगभरातले इंजिनिअर याच्या मागे लागलेत, त्याला कारण आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट घन असतं. सेकंदाला एक मीटरचा प्रवाह ताकदीने ताशी तेहतीस किलोमीटरच्या वाऱ्याइतका असतो. शिवाय वारा पडेल की सुटेल हे पंधरा दिवस आधीही नक्की सांगता येत नाही, भरतीचं वेळापत्रक मात्र वर्षभर आधी छापता येतं. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणारे जुनेजाणते आजही भेटतात. एवढी वक्तशीर दुसरी अपारंपरिक वीज नाही.

उंचीची किंमत कुणी दिली?

खोपोलीचं गणित इतकं सोपं असेल तर सगळीकडे धरणंच का बांधू नयेत, असं वाटू शकतं. त्याचं उत्तर मुळशीत आहे.

खोपोलीच्या यशानंतर मुंबईची विजेची भूक वाढली आणि टाटांनी मुळशीला, निळा-मुळा नद्यांच्या खोऱ्यात धरण बांधायला घेतलं. त्यात पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जाणार होत्या. १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले, आणि याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. धरण शेवटी झालंच. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. धरणग्रस्तांचा हा देशातला अगदी सुरुवातीचा संघटित लढा मानला जातो, आणि त्या विजेचं एक टोक गिरणगावात होतं, हे लालबाग-परळच्या आठवणींत फारसं सांगितलं जात नाही.

धरणाच्या टर्बाइनला नव्वद टक्के मिळतात ते उंचीमुळे, आणि उंचीसाठी कुणाचं तरी गाव पाण्याखाली जातं. वाहत्या पाण्यातल्या टर्बाइनला चाळीसच टक्के मिळतात, पण त्यासाठी धरण लागत नाही, कुणाला उठवावं लागत नाही. त्या पाच-दहा टक्क्यांसाठी एवढी झटापट चालते, ती यामुळे.

मग आपल्याकडे जागा कुठली?

गंमत म्हणजे ती जागा बहुधा खाडीत नाही, वीजघरांच्या मागच्या दाराशी आहे.

वीजघरातून बाहेर पडलेलं पाणी संपत नाही. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत जातं, भिवपुरीचं उल्हास नदीत, भिऱ्याचं कुंडलिकेत. हे पाणी कालव्यातून किंवा ठराविक पात्रातून वाहतं. त्याची दिशा बदलत नाही, ते खारं नाही, त्यात प्लास्टिक कमी असतं. आणि बंदिस्त कालव्यात बेट्झची मर्यादासुद्धा थोडी सैल होते. पंख्यांनी कालव्याची बरीच रुंदी व्यापली तर पाण्याला वळसा घालायला जागाच उरत नाही, त्याला पात्यांमधूनच जावं लागतं. लालबागच्या रांगेला दोन्ही बाजूंनी बांबू लावल्यासारखं. अर्थात फुकट काहीच नाही. मागे पाण्याची पातळी थोडी चढते, आणि ती फार चढली तर वरच्या वीजघराचंच उत्पादन घटतं. एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकल्यासारखं होऊ नये, एवढा हिशेब आधी करावा लागतो.

वीज किती मिळेल? किलोवॉटमध्ये, मेगावॉटमध्ये नाही. एखाद्या पाड्याचे दिवे, पाणीपुरवठ्याचा पंप, एवढी. मोठा पैसा अजूनही उंचीच्याच मागे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी शिरवता इथे १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचा करार केला. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. तोच घाट, तीच उंची.

कुंडलिकेच्या पाण्याला मात्र एक गिऱ्हाईक आधीच मिळालंय. सकाळी भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की नदी चढते आणि कोलाडला राफ्टिंगच्या बोटी निघतात. मुंबईहून गेलेली पोरं हेल्मेट घालून किंचाळत ज्या प्रवाहातून खाली जातात, ते पाणी तासाभरापूर्वी मुळशीच्या तलावातून पाचशे मीटर उतरून आलेलं असतं. त्या पात्रात उद्या टर्बाइन बसवायचं ठरलं तर पहिली बैठक राफ्टवाल्यांबरोबरच घ्यावी लागेल.